अंगाला बसलं का?

पिवळ्या स्वेटरला किमतीची चिठ्ठी मीच लावली होती. १५० रुपये. चारेक वर्षांच्या मुलाच्या मापाचा, पुढे वेणीची नक्षी, गळ्याशी तीन लाकडी बटणं. दिवाळीआधीची विक्री होती आणि खारमधल्या एका शाळेच्या पटांगणात आमच्या संस्थेला एक टेबल मिळालं होतं. अकराच्या सुमाराला एक वयस्कर बाई टेबलापाशी थांबल्या. स्वेटर उचलला, उलटा केला आणि आतल्या बाजूने शिवणीवरून बोट फिरवलं. हाताचं काम ओळखणारं गिऱ्हाईक आलं, या आनंदात मी सांगायला लागले, की सगळं हातविणीचं आहे आणि पैसे बाळांच्या कामाला जातात.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मीच विणलाय."

मला काही सुचेना. त्याही थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मुलासाठी दिला होता ना गं? कुणाच्या अंगाला बसला, ते कधीतरी कळेल असं वाटलं होतं."

मी स्वेटर परत देऊ केला. त्यांनी तो नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि त्या गेल्या. मी तो तेव्हाच बाजूला काढून ठेवायला हवा होता. दुपारी मी जेवायला गेले असताना तो विकला गेला. कुणी नेला, ते आम्हाला माहीत नाही. देणगीच्या वहीत त्या ओळीपुढचा 'कोणाला' हा रकाना आजही मोकळा आहे.

आमची संस्था छोटी आहे. खारदांड्याच्या कोळीवाड्यात खाली-वर दोन खोल्या. खाली सकाळी बालवाडी भरते, वर सामान असतं. वरच्या खिडकीतून वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील दिसतात आणि त्यापलीकडे समुद्र. कार्टर रोडला फिरायला येणारी माणसं इथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर असतात. आमच्याकडे हाताने केलेल्या वस्तू सगळ्या मुंबईतून येतात. निवृत्त शिक्षिका देतात, नातवंडं परदेशात असलेल्या आज्या देतात. एका बाईंनी नवऱ्याच्या आजारपणात इस्पितळाच्या बाकावर बसून सात महिन्यांत विणलेलं सगळं आणून दिलं होतं. विणता विणता त्यांचा ताण कसा वाढत गेला, ते घट्ट होत गेलेल्या टाक्यांवरून हाताला कळत होतं. असं सामान हातात आलं की ते तागडीत घालण्याचं सामान राहत नाही. आणि तरीही ते लावावं लागतं, मोजावं लागतं, कुठेतरी पाठवावं लागतं. माझी चौदा वर्षं यातच गेली.

आपल्याकडे हाताने करून द्यायची रीत जुनीच आहे. बाळंतविडा घेऊन जाणारी मावशी किंवा शेजारीण झबली, टोपडी, कुंची, दुपटी स्वतः शिवायची, विणायची. पण ती बारशाला हजरही असायची. टोपडं बाळाच्या कपाळावर येतंय की मागे सरकतंय, हे तिला समोर दिसायचं. सैल झालं तर तिथेच बसून एक टाका घालायची. आम्ही मध्ये आलो आणि ते बघणं तेवढं गेलं. देणारीच्या हातात आमचं छापील आभारपत्र राहिलं. कित्येक वर्षं मी ती पत्रं मनापासून सही करून पाठवली आणि आपलं काम झालं असं समजत राहिले.

वस्तूंचं प्रत्यक्षात काय होतं, ते आता सांगते.

सगळ्यात जास्त येतात ते दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे स्वेटर. विणायला ते माप सोयीचं, लोकर कमी लागते, नक्षी उठून दिसते. दहा वर्षांच्या मुलासाठी फार थोड्या जणी विणतात. आणि हे सगळं येतं मुंबईत, जिथे डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटा सोडल्या तर पोराच्या अंगावर लोकर टिकत नाही. पहिल्याच वर्षी मी बालवाडीत स्वेटर वाटायला काढले, तेव्हा एका कोळीण मावशींनी स्वेटर हातात घेऊन बघितला, कौतुकही केलं आणि परत दिला. "आमच्या पोरांना हे कशाला गो बाय? घामोळं येल." त्यांचं बरोबर होतं. त्यात बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक, तिच्यात हवा खेळत नाही.

लोकर ठेवायचीही सोय नाही. दांड्याची हवा दमट आणि खारट. पावसाळ्यात आठवडाभर पिशवी बंद राहिली तर तिला कोंदट वास येतो आणि पांढऱ्या स्वेटरवर बुरशीचे करडे ठिपके दिसतात. ते धुऊन जात नाहीत.

मग आम्ही जवळच्या एका महापालिका रुग्णालयातल्या नवजात कक्षाशी बोललो. तिथे टोप्या आणि मोजे लागतात, आणि ते मुंबईच्या मे महिन्यातही लागतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला स्वतःची ऊब नीट राखता येत नाही. अंगावर चरबी नाही आणि शरीराच्या मानाने डोकं मोठं, त्यामुळे बरीच उष्णता डोक्यावाटे निघून जाते. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं ठेवतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये इन्क्युबेटर पुरेसे नव्हते, तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली. आज ती आपल्या सरकारी इस्पितळांतही कांगारू मदर केअर म्हणून रुळली आहे. आईच्या छातीवरच्या त्या बाळाच्या अंगावर तीनच गोष्टी असतात: लंगोट, मोजे आणि टोपी.

मी आनंदाने बासष्ट टोप्या घेऊन गेले. कक्षाच्या सिस्टरनी पिशवीचं तोंड उघडलं आणि लगेच बंद केलं.

"मॅडम, हे मी आत नेणार नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास आहे."

कपाटात जपून ठेवलेल्या कपड्यांना तो असतोच, आणि आपल्याला तो स्वच्छतेचा वाटतो. सिस्टरनी मला बाकावर बसवून समजावलं. गोळ्यांमध्ये नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. कोणत्या बाळाला ते विकर कमी आहे, हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. मग त्यांनी एकेक टोपी माझ्यासमोर धरली. या टोपीला मणी आहे, तुटून तोंडात जाईल. हिची नाडी गळ्याला बसेल. हा गोंडा झोपवल्यावर टोचेल. ही अॅक्रिलिकची आहे, आम्ही इथलं सगळं उकळत्या पाण्यात धुतो, दोन धुण्यांत हिचा आकार जाईल. बासष्टांतल्या सहा त्यांनी ठेवून घेतल्या, त्याही धुऊन उन्हात घालायच्या अटीवर.

आणि माप. नऊ महिने भरलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटिमीटर असतो, दीड किलोच्या बाळाचा २८च्या आसपास. हे आकडे फोनवर सांगून काही उपयोग होत नाही, हे मला लवकरच कळलं. म्हणून मी आता म्हणते, सोललेल्या नारळावर बसेल ती भरल्या दिवसांच्या बाळाची आणि मोठ्या मोसंब्यावर बसेल ती अपुऱ्या दिवसांच्या बाळाची. विणणाऱ्या बायका खरोखरच मोसंबं समोर ठेवून विणतात. चुईम गावातल्या एका आंटींनी तर सुती दोऱ्याची, बिनशिवणीची क्रोशाची टोपी बसवून दिली. चर्चच्या वेदीवरच्या कापडांना लेस करण्यात आयुष्य गेलेला तो हात. दोरा मऊ, टोपीला ताण पुरेसा, टोकाला काही नाही. सिस्टरनी ती हाताच्या मुठीवर ताणून बघितली आणि विचारलं, "अशा किती देऊ शकाल?" इतक्या वर्षांत मला आमच्या वस्तूंबद्दल मिळालेला सगळ्यात चांगला प्रश्न तो.

आधी गरज विचारून मग हात चालवणं, हे काम दुसरीकडे फार नेटाने होताना मी पाहिलं आहे. मुंबईची साइशा इंडिया फाउंडेशन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना क्रोशाने विणलेले कृत्रिम स्तन मोफत देते. तिथे विणणारीची हौस चालत नाही. दोरा ठरलेला, नमुना ठरलेला, कारण ती वस्तू जखमेवर टेकणार असते. याच्या उलट चित्र २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दिसलं. देशभरातून कपडे गेले आणि किनाऱ्यावरच्या गावांच्या रस्त्याकडेला त्यांचे ढीग पडून राहिले. कोळ्यांच्या घरांत कोण काय नेसतं, हे पाठवणाऱ्यांनी विचारलंच नव्हतं. ते ढीग उचलून निवडण्याचं काम अंशू गुप्तांच्या गूंजने केलं. १९९९ पासून ही संस्था हेच सांगते आहे, की देणाऱ्याच्या अडगळीपेक्षा घेणाऱ्याची गरज आधी. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वरच्या खोलीतला ढीग आठवला. तो अडगळीचा नव्हता, प्रेमाने विणलेला होता. पण ज्याला तो नको होता, त्याच्या बाजूने बघितलं तर फरक फारसा नव्हता.

म्हणून आम्ही विकायला लागलो. त्या पैशांतून सुती दोरा येतो, धुलाई होते, विणणाऱ्या वस्तीतल्या बायकांना नगावर मजुरी मिळते. हा निर्णय चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. चूक ही, की आम्ही ते कुणाला सांगितलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटावर २००१ मध्ये तेलगळती झाली आणि ४३८ छोटे पेंग्विन तेलाने माखले. चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात जाऊ नये म्हणून त्यांना हातविणीचे इवले स्वेटर घातले. ९६ टक्के पक्षी बरे होऊन समुद्रात परतले. ती गोष्ट जगभर पसरली आणि लागतील त्याच्या कितीतरी पट स्वेटर येऊन पडले. तिथली माणसं जास्तीचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकतात आणि पैसे पक्ष्यांसाठी वापरतात. पण तसं जाहीर सांगूनच. विणणारीला सुया हातात घेण्याआधी ते माहीत असतं.

पिवळ्या स्वेटरच्या काकूंकडे जायला मला सहा महिने लागले. पत्ता वहीत होता. पार्ल्याला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. मी माफी मागायला गेले होते. त्यांनी चहा केला आणि आपण विणायला कधी शिकलो ते सांगायला लागल्या. १९६२ साल, चीनचं युद्ध. त्या पंधरा वर्षांच्या होत्या. जवानांना स्वेटर पाठवायचे म्हणून शाळेत बाईंनी हिरवट लोकर वाटली, मापं फळ्यावर लिहून दिली आणि डबा खाऊन झाला की सगळ्या मुली विणायला बसायच्या.

मी विचारलं, "तेव्हा तरी कुणाला मिळाला ते कळलं होतं का, काकू?"

"नाही कळलं. पण माप दिलं होतं ना. माप दिलं म्हणजे कुणीतरी वाट बघतंय, एवढं कळतं." मग थोडं थांबून, "आणि तो टेबलावर विकायला दिसला नव्हता."

परतताना पार्ले स्टेशनच्या बाकावर बसून मी दोन गाड्या सोडल्या. डोक्यात दुग्धपेढीचा विचार होता. सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. तिथे कितीतरी आया आपलं दूध देतात. ते तपासतात, एकत्र करतात, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. कुणाचं दूध कुणाच्या तोंडी गेलं, ते आईला कळत नाही आणि ती विचारतही नाही. मग स्वेटर देणारीने का विचारावं, असं मी पूर्वी स्वतःशी म्हणत असे. त्या बाकावर मला वाटलं, की त्या आईला दूध देतानाच पक्कं माहीत असतं की हे बाळाच्याच पोटात जाणार. तिच्याशी केलेला तो करार कुणी मोडत नाही. आम्ही मोडला होता.

आता वस्तू घेताना आम्ही एक कागद देतो. त्यावर तीन शब्द आहेत: वापरा, विका, उसवा. देणारी खूण करते. मी तिला अगदी स्पष्ट सांगते, की लोकरीचा लहान स्वेटर असेल तर पहिल्या शब्दाची शाश्वती देता येणार नाही. काही जणी तिन्हीवर खूण करतात. एक आजी पिशवी परत घेऊन गेल्या, मीच ती रिक्षात ठेवून दिली. त्यांच्या जागी मी असते तर मीही नेली असती. कुणी पावती मागतं, तेव्हा वस्तूच्या देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, हेही आधीच सांगते. फोटोची मागणी मात्र अवघड जाते. "माझा स्वेटर घातलेल्या मुलाचा फोटो पाठवा, वाढदिवसाला फ्रेम करायचा आहे," असं एका काकांनी फार जिव्हाळ्याने म्हटलं होतं. मूल बालगृहातलं असेल तर त्याची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याने बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी दिला नसता. उपकाराच्या कपड्यात काढलेला आपला फोटो कुणाच्या तरी भिंतीवर आहे, हे त्या मुलाला मोठेपणी कळलं तर कसं वाटेल? फोटोऐवजी मी फोन करते: किती वजनाच्या बाळाला टोपी गेली, कपाळावर नीट बसली की डोळ्यांवर आली. लोकांना तेवढं पुरतं. खरं तर तेच हवं असतं.

उसवणं हे काम जून-जुलैत चालतं. मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, जाळी दुरुस्त करून झाली की बायका दुपारी वर येतात. आधी बारीक कात्रीने खांद्याची आणि बगलेची शिवण मोकळी करायची. लोकर कापायची नाही, शिवणीचा धागाच शोधायचा. मग गळ्यापाशी विणकाम जिथे संपवलं ती गाठ सापडली पाहिजे. ती सुटली की स्वेटर सरसर उसवत येतो आणि शेवयांसारखी वळणं पडलेली लोकर मांडीवर साठते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुचकळून दोरीवर टांगायची आणि खाली पाण्याने भरलेली बाटली अडकवायची. वळणं बरीचशी जातात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या होत्या, "जाल्यात गाठ असते गो. एक घर तुटलं तरी बाकीचं ऱ्हातं. ह्याच्यात गाठच नाय, सगला एकच धागा." कुणीतरी महिनाभर विणलेलं अर्ध्या तासात उसवतं. पाठीचा भाग अर्धा झाला की मला दर वेळी बाहेर जावंसं वाटतं, आणि मी तिथेच बसून राहते.

त्या लोकरीच्या माकडटोप्या होतात. ही कल्पना मावशींचीच. त्यांचा मुलगा पहाटे होडीवर जातो. थंडीच्या दिवसांत दर्यावर वारा कानात शिरतो, आणि तिथे अॅक्रिलिक चालतं, भिजलं तरी लवकर वाळतं. विणतात त्या पार्ल्याच्या काकू. मी लडी नेऊन देते, त्या टोप्या देतात.

गेल्या जानेवारीत त्यांच्या हातची पहिली टोपी मावशींच्या मुलाला दिली. चार दिवसांनी त्याचा निरोप आला, की ऊब चांगली आहे, पण हनुवटीखाली काचते. काकूंना हे सांगावं की नाही, असं आधी वाटलं. मग फोन केला.

"कुठे काचते म्हणालीस? डावीकडे की मधोमध?" त्यांनी विचारलं, मग म्हणाल्या, "मधोमध असेल तर कमी केलेले टाके जास्त झाले माझे. परत पाठव, उसवून चार टाके वाढवते. आणि हे बघ, त्याच्या हनुवटीपासून टाळूपर्यंत टेपने माप घे. अंदाजाने सांगू नकोस."

मी टेप घेऊन खाली उतरले. होडी भरतीबरोबर लागणार होती, तासभर अवकाश होता. वलांडीपाशी मावशी बोंबील उलटत होत्या, त्यांच्या शेजारी बसले.